शॅम्पेनची पहिली बाटली: निवडण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत

सामना जिंकला की खेळाडू व्यासपीठावर बाटली हलवतात, बूच उडतं आणि फेस एकमेकांच्या अंगावर उडवला जातो. टीव्हीवर ते दृश्य आलं की माझे वडील चॅनेल बदलायचे. निफाडकडे आमची द्राक्षबाग होती आणि एका घडामागे किती राबावं लागतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. शॅम्पेनच्या नियमानुसार ४,००० किलो द्राक्षांतून जास्तीत जास्त २,५५० लिटर रस काढता येतो. म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीमागे जवळपास १.२ किलो द्राक्षं. तीही माणसांनी हाताने तोडलेली, कारण तिथे यंत्राने तोडणी करायला मनाई आहे. एवढं कळल्यावर ती बाटली जमिनीवर सांडावी असं मलाही कधी वाटलं नाही.

ज्यांनी अजून एकदाही शॅम्पेन नीट बसून, चव घेत प्यायलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली बाटली वर्ष छापलेली महागडी ‘व्हिंटेज’ घेऊ नका. स्वतःच्या बागा असलेल्या, शॅम्पेन करणाऱ्या एखाद्या जुन्या घराण्याची नेहमीची, ब्लेंड केलेली ब्रूट, म्हणजे अगदी कमी साखरेची बाटली घ्या. त्या घराण्याचा हात तिच्यातच कळतो. उदाहरण म्हणून मी बोलँजे घराण्याची ‘स्पेशल क्युवे’ घेतोय, कारण मी शॅम्पेन ओळखायला शिकलो ते तिच्यावर. आपल्याकडे बरेच जण बोलिंजर म्हणतात. दुकानात तसं म्हटलंत तरी बाटली तीच मिळेल.

१. आधी गाव आणि बाग समजून घ्या

शॅम्पेन हा मुळात एक प्रदेश आहे, पॅरिसच्या पूर्वेला. रँस आणि एपर्ने ही तिथली दोन मुख्य शहरं, आणि साधारण ३४,००० हेक्टरवर पसरलेल्या बागा. या हद्दीबाहेर कोणी कितीही चांगली फेसाळ वाइन केली तरी तिला शॅम्पेन म्हणता येत नाही.

एपर्नेजवळ, मार्न नदीच्या काठी एक छोटं गाव आहे. फ्रेंच माणूस त्याचं नाव घेतो तेव्हा ते आपल्या ‘आई’सारखंच ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच चमकलो होतो. बोलँजे घराणं १८२९ पासून या आई गावात आहे. अथानाझ द व्हिलेरमाँ या सरदाराकडे बागा होत्या, पण व्यापाराला आपलं नाव लावणं त्याच्या घराण्याच्या रीतीत बसत नव्हतं. त्याने जर्मनीहून आलेला जोसेफ बोलँजे आणि पॉल रनोदँ या दोघांना हाताशी धरून धंदा सुरू केला. पुढे बोलँजे व्हिलेरमाँचा जावई झाला. मालकी आजही त्याच कुटुंबाच्या वंशजांकडे आहे.

या घराण्याच्या स्वतःच्या बागा १८० हेक्टरच्या आसपास आहेत, म्हणजे सुमारे ४४० एकर. त्यांना लागणाऱ्या द्राक्षांपैकी निम्म्याहून जास्त माल घरच्या बागांतून येतो. शॅम्पेनमधली बरीच मोठी नावं मुख्यतः शेतकऱ्यांकडून द्राक्षं विकत घेऊन चालतात, त्यामुळे हे प्रमाण मोठंच म्हणायला हवं. १९४१ मध्ये नवरा गेल्यावर लिली बोलँजे यांनी हे घराणं हातात घेतलं आणि १९७१ पर्यंत सांभाळलं. युद्धकाळात पेट्रोल मिळत नसे, तेव्हा त्या सायकलवरून बागा पाहत फिरायच्या. कुठल्या तुकड्यात काय चाललंय हे मालकिणीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. बागाईतदाराच्या घरात वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट लगेच पटेल.

एक गोष्ट खास आपल्या द्राक्षवाल्यांसाठी. नाशिकला आपण डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या वेलीच्या मुळांवर कलम करतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने बागा संपवल्या, तेव्हापासून तिथेही जवळजवळ सगळी वेल अमेरिकी खुंटावर उभी असते. पण आई गावात बोलँजेच्या भिंतींआड असे दोन छोटे तुकडे आहेत, जिथे वेल अजून स्वतःच्याच मुळांवर वाढते. ती द्राक्षं आपल्या या बाटलीत येत नाहीत, त्यांची वेगळी, दुर्मीळ वाइन होते. तरी मला हा तपशील सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२. ब्लेंड म्हणजे काय, हे नीट कळू द्या

‘ब्लेंड’ ऐकलं की आपल्याकडे मनात पहिला शब्द येतो भेसळ. तो आधी काढून टाका.

आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला होतो. एखाद्या वर्षी संकेश्वरी मिरची झणझणीत लागते, दुसऱ्या वर्षी बेडगीला रंगच नसतो, कधी धणे जुने निघतात. तरीही आईच्या हातची आमटी दरवर्षी तीच लागते. ती मिरच्यांचं प्रमाण बदलते, बरणीच्या तळाचा मागच्या वर्षीचा मसाला त्यात मुरवते, पुन्हापुन्हा वास घेते. कागदावर काहीच लिहिलेलं नसतं. शॅम्पेनमधला तळघरप्रमुख दर हिवाळ्यात नेमकं हेच करतो, फक्त त्याच्यासमोर डब्यांऐवजी शेकडो वाइनचे नमुने असतात.

याची गरज पडते हवामानामुळे. त्या भागाचं वर्षाचं सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास आहे. आपण नाशिकला दोन छाटण्या घेतो, एप्रिल आणि ऑक्टोबर. तिथे हिवाळ्यात एकच छाटणी. एप्रिलमध्ये कोंब फुटले की ते दहिवराने गोठायची भीती, मग गारपीट, मग ऐन तोडणीला पाऊस. द्राक्षं कशीबशी पिकतात आणि आंबट राहतात. हा आंबटपणाच फेसाळ वाइनचा कणा आहे. पण कुठलंही वर्ष दुसऱ्यासारखं नसतं, म्हणून वर्षं, गावं आणि जाती एकत्र आणून चव जमवावी लागते.

स्पेशल क्युवेत ६० टक्के पिनो न्वार, २५ टक्के शार्दोने आणि १५ टक्के म्युनिए असते. पिनो न्वार काळ्या सालीची, तिच्यामुळे वाइनला अंग येतं. शार्दोने पांढरी, तिच्यामुळे ताठपणा आणि लिंबासारखी धार. म्युनिएने फळाचा मोकळेपणा येतो. दोन जाती काळ्या असूनही वाइन सोनेरीच राहते, कारण रंग सालीत असतो आणि घड अख्खेच हलक्या दाबाने पिळले जातात.

या घराण्याची खरी श्रीमंती मात्र तळघरातल्या राखीव वाइनमध्ये आहे. बहुतेक घराणी जुनी वाइन टाक्यांमध्ये ठेवतात. बोलँजे ती दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत भरतात, प्रत्येक गावाची आणि प्रत्येक जातीची वेगळी, खऱ्या बुचाखाली. त्यात किंचित साखर आणि यीस्ट घालतात, म्हणजे थोडासा वायू तयार होऊन वाइन ताजी राहते. अशा बाटल्या पाच ते पंधरा वर्षं पडून असतात. ब्लेंडच्या वेळी त्या एकेक करून हाताने उघडायच्या आणि वास घेऊन मगच वापरायच्या. मसाल्याच्या बरणीचा तळ म्हणतात तो हाच. शिवाय पहिल्या आंबवणीसाठी वाइनचा काही भाग जुन्या ओक लाकडाच्या पिंपांत ठेवतात, आणि ती पिंपं दुरुस्त करणारा कारागीर घराण्याच्या पगारावर असतो.

ब्लेंड जमलं की ते बाटलीत भरून लिटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालतात. बाटली बंद. यीस्ट साखर खातं, वायू बाहेर पडू शकत नाही आणि वाइनमध्येच विरघळतो. नंतर मेलेल्या यीस्टचा साका तळाशी बसतो आणि वाइन त्याच्यावर मुरत राहते. वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला कायद्याने एकूण १५ महिने पुरतात, स्पेशल क्युवे त्याच्या दुपटीहून जास्त काळ ठेवतात. भाजलेल्या पावाचा जो वास येतो तो या साक्याचा. शेवटी बाटली हळूहळू उलटी करून साका मानेत आणायचा, मान गोठवायची, बर्फाच्या गोळ्यासकट साका उडवून टाकायचा, आणि रिकाम्या झालेल्या जागेत थोडी साखर विरघळवलेली वाइन घालून बूच ठोकायचं.

३. लेबल वाचायला शिका

वर्ष छापलेलं नाही, म्हणजे ब्लेंड अनेक वर्षांचं. हे कमीपणाचं लक्षण धरू नका.

‘ब्रूट’ म्हणजे शेवटी घातलेल्या साखरेनंतर लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. स्पेशल क्युवेत ती ७ ते ८ ग्रॅम असते. इथे नवख्यांची हमखास फसगत होते ती ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दांनी. नाव वाचून ती जास्त कोरडी वाटते, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, ब्रूटपेक्षा जास्त. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ ६ ग्रॅमपर्यंत आणि ‘देमी-सेक’ ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे गोड.

लेबलच्या कोपऱ्यात बारीक टाइपात दोन रोमन अक्षरं आणि एक क्रमांक सापडेल. ‘एनएम’ असेल तर ते द्राक्षं विकतही घेणारं घराणं, ‘आरएम’ असेल तर फक्त आपल्याच बागेतल्या द्राक्षांची शॅम्पेन करणारा शेतकरी, आणि ‘सीएम’ म्हणजे सहकारी संस्था. आपल्या भागात सहकाराची पाळंमुळं खोल आहेत, त्यामुळे हे तिसरं समजायला आपल्याला वेळ लागत नाही. बोलँजेवर ‘एनएम’ दिसेल. आरएम चांगली आणि एनएम वाईट असा सरळ हिशेब काही जण मांडतात. तो मला पटत नाही, कारण बागा कशा राखल्यात आणि तळघरात किती धीर धरलाय हे त्या दोन अक्षरांत लिहिलेलं नसतं.

काही घराणी मागच्या लेबलवर साका काढल्याची तारीखही छापतात. असली तर जरूर बघा. सहा-आठ महिने होऊन गेलेली बाटली जास्त सावरलेली लागते.

४. विकत घेताना

मी स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली शॅम्पेन फुकट गेली होती. दुकानदाराने ती शोकेसमध्ये वरच्या कप्प्यावर, ट्यूबलाइटखाली, बहुधा महिनोन्‌महिने उभी ठेवली होती. घरी उघडली तर उकडलेल्या कोबीचा वास. मला वाटलं शॅम्पेन अशीच असते, आणि पुढची काही वर्षं मी तिच्या वाटेला गेलो नाही. फार नंतर कळलं की उजेडाने वाइन बिघडते आणि हाच वास मारते.

म्हणून शोकेसमधली बाटली घेऊच नका. आतली, खोक्यातली मागा. दुकान एसी आहे का, दुपारीही गार असतं का, हे बघा. भारतात आयात वाइनवर कर जबर असल्याने किंमत फ्रान्सच्या तुलनेत बरीच चढी पडते. परदेशातून कोणी येणार असेल तर त्याला सांगा. प्रवाशाला करमुक्त २ लिटर मद्य आणता येतं, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. घरी आणल्यावर कपाटाच्या तळाशी, अंधारात ठेवा. स्वयंपाकघरात आणि फ्रिजच्या डोक्यावर अजिबात नको. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ती महिनोन्‌महिने राखून ठेवण्यात अर्थ नाही.

५. गार करणं

फ्रिजमध्ये आडवी, तीन-चार तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी, वीस ते तीस मिनिटं. नुसत्या बर्फाने बाटली सगळीकडून गार होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका, विसरलात तर बाटली फुटते.

किती गार? साधी ब्रूट ८ अंशांला छान लागते. स्पेशल क्युवेला १० अंश द्या. बर्फगार केली तर अक्रोड, पाव, सफरचंद सगळं झाकलं जातं आणि उरतो तो फक्त फेस.

६. उघडणं

बाटलीत साधारण ६ वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. तेव्हा हे काम गप्पा मारता मारता करायचं नाही.

बाटली पुसून कोरडी करा. वरचा वर्ख काढा. आता डाव्या हाताचा अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि पूर्ण उघडेपर्यंत तो उचलू नका. तारेच्या जाळीची कडी उजव्या हाताने सोडवा, साधारण सहा अर्धे वेढे लागतात. जाळी सैल करा पण काढू नका, बुचावर पकड तिच्यामुळेच येते. वर एक फडकं टाका. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, तोंड भिंतीकडे, माणसांकडे नाही आणि ट्यूबलाइटकडेही नाही.

यानंतरची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची, तळाकडून, सावकाश. दोन-तीन वळशांनंतर बूच आपणहून वर सरकायला लागतं. ते हाताला जाणवतं, तळहाताला खालून कोणीतरी ढकलतंय असं. तिथे उलट दाबा. त्याला बाहेर येऊ द्या, पण तुमच्या गतीने. शेवटी बूच किंचित वाकडं केलंत तर वायू एका कडेने निसटतो आणि फक्त ‘स्स्’ असा आवाज येतो, झोपलेल्या माणसाने श्वास सोडावा तसा. फटाका झाला नाही, थेंब सांडला नाही, की जमलं.

इतक्या महागड्या बाटलीवर हात साफ करायची भीती वाटत असेल तर आधी नाशिकची स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ वाइन आणा. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. नारायणगावला १९८०च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने अशी वाइन होऊ लागली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशातही विकली गेली. आज दिंडोरीच्या भागात शाँदाँसारखं मूळचं फ्रेंच नाव याच पद्धतीने वाइन करतं. बूच, जाळी, दाब सगळं तसंच, त्यामुळे सराव खराखुरा होतो.

७. ग्लास, ओतणं आणि चव

उंच, बासरीसारखे ग्लास दिसायला छान असतात पण नाक आत जात नाही. पसरट तर त्याहून नको, वायू लगेच उडून जातो. पोट थोडं फुगीर आणि तोंड आवळलेलं असा नेहमीचा पांढऱ्या वाइनचा ग्लास घ्या. गरम पाण्याने धुवा, साबण राहू देऊ नका आणि सुती कापडाने पुसा. काचेला चिकटलेल्या सूक्ष्म धाग्यांमधूनच बुडबुड्यांच्या माळा निघतात, त्यामुळे ते धागे आपल्या कामाचेच आहेत.

आधी घोटभर ओता, फेस बसू द्या, मग अर्ध्याच्या वर भरा. एका बाटलीत सहा ग्लास होतात. ‘चीअर्स’ म्हणा, पण लगेच तोंडाला लावू नका. आधी वास घ्या. पहिल्यांदा मला सफरचंद आलं, कच्चं नाही, साखरेत शिजवलेलं. मग नासपती. मग भल्या पहाटे बेकरीच्या भट्टीसमोरून जाताना येतो तसा लोणी आणि भाजलेल्या पिठाचा वास. दहा मिनिटांनी पुन्हा नाक घातलं तर त्यात अक्रोड आणि थोडा मसाल्याचा सुगंध होता. हे सगळं तुम्हाला येईलच असं नाही. जे येईल ते मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. ‘खारी बिस्किट’ हे वर्णन ‘ब्रिओश’ या लोणी घातलेल्या फ्रेंच पावाइतकंच खरं आहे.

घोट तोंडात क्षणभर फिरवा. चांगल्या शॅम्पेनचा वायू टोचत नाही, दुधाच्या सायीसारखा जिभेवर पसरतो. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं पाहिजे.

८. सोबत काय खायचं

शॅम्पेन फक्त ‘चीअर्स’पुरती उभ्याने पिऊन जेवताना दुसरं काही उघडणं मला चुकीचं वाटतं. खारट आणि तळलेलं हे तिचे सख्खे सोबती आहेत: आंबटपणा तेल कापतो आणि वायू जीभ धुऊन टाकतो. रव्यात घोळून तळलेले ओले बोंबील, त्यावर फक्त मीठ, हळद आणि लिंबू. माझ्या मते यापेक्षा चांगली जोडी आपल्या किनाऱ्यावर सापडणार नाही. मालवण-गोव्याकडच्या लोकांनी सुरमईवर प्रयोग करावा. शाकाहारी घरात कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, तुपात परतलेले काजू. पिनो न्वार जास्त असल्याने स्पेशल क्युवे मलई कबाबासारखं सौम्य मांसही पेलते.

तांबडा रस्सा, ठेचा, मिसळ यांच्यासोबत नको. तिखटाची आग वायू आणि मद्यामुळे आणखी भडकते. गोडासोबतही नको. श्रीखंडाचा चमचा खाऊन ब्रूट प्यायलात तर ती नुसती आंबट लागेल. जेवणानंतर गुलाबजामच असतील तर देमी-सेक शोधा. आणि वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट द्यायची सवय कुठून आली कोणास ठाऊक, ती मोडायला हवी.

९. उरली तर

बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काहीही होत नाही. शॅम्पेनसाठी पत्र्याचं पकडीचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चांगली राहते. फेस थोडा कमी होतो, पण वास कधीकधी आदल्या दिवसापेक्षा मोकळा येतो.

बूच मात्र टाकून देऊ नका. ते टेबलावर उभं करून बघा. साका काढून फार दिवस झाले नसतील तर बुचाची खालची बाजू परकरासारखी फुलते. बूच ठोकून वर्षं झाली असतील तर ते सरळसोट, खुंटीसारखं राहतं. त्यावर पेनाने तारीख लिहा आणि पुढची बाटली उघडाल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवा.